बाकीची अकरा

सुहासिनीबाईंनी ‘झालं’ असं लिहिलेली टोपली टेबलावर उपडी केली. त्यातून एकच पाकीट पडलं. बाकीची तळाला चिकटली असावीत अशा आशेने त्यांनी टोपलीत हात फिरवून पाहिला.

“शनिवारचं एवढंच?”

“एवढंच, मॅडम,” जीना म्हणाली.

“अख्ख्या तासात?”

“अख्ख्या तासात.”

बाईंनी पाकीट उजेडाकडे धरलं. पडदे लावायचे दोन ब्रॅकेट, चार स्क्रू, स्क्रूसाठी भिंतीत बसवायचे चार प्लग. चूक काढायला जागा नव्हती, त्यामुळे त्या जास्तच वैतागल्या. शनिवारी त्या रजेवर होत्या. पेणला मावसबहिणीच्या मुलाचा साखरपुडा होता, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काढलेल्या रजा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आपण एक दिवस पाठ वळवली की वर्गाचे तीनतेरा वाजतात, हे त्यांचं मत आता पक्कं झालं. जीना जवळच्याच नंदाखाल गावची, सहायक शिक्षिका म्हणून लागून तिला जेमतेम दीड वर्ष झालेलं. पोरगी गुणी होती. पण नव्या माणसांचा हात एक तर मुलांच्या पाठीवर असतो नाहीतर मोबाइलवर, असं बाईंना वाटे, आणि वाटलेलं पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

“तू दिपिकाशी बोलत बसली असशील.”

“नाही, मॅडम. एक शब्द नाही. तुम्ही सांगितलंत तशी दोन पावलं मागे उभी होते.”

“मग?”

“ती फळीवर बोट ठेवून बसून राहिली. मी पण थांबून राहिले.”

“थांबून काय होतंय!” बाई म्हणाल्या आणि रिकामी टोपली जागेवर ठेवून मोकळ्या झाल्या.

आगाशीच्या बाजारामागच्या त्या विशेष शाळेत मोठ्यांचा वर्ग सुहासिनीबाईंचा होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. प्रत्येक मुलाचं टेबल वेगळं. डाव्या हाताला डबे, समोर कामाच्या फोटोंची पट्टी, उजव्या हाताला ‘झालं’ची टोपली. मुलाने फोटो बघायचा, डबा उचलायचा, काम करायचं, टोपलीत टाकायचं आणि पुढचा फोटो बघायचा. कोणाला विचारायचं नाही. शिकवताना बाई आधी मुलाच्या हातावर हात ठेवत. मग तो मनगटावर येई, मग कोपरावर, मग नुसतं बोट दाखवणं, आणि शेवटी खुर्चीमागे दोन पावलं. “आमच्या वर्गात बाई दिसत नाहीत,” असं त्या पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे वहीत लिहून घेत.

या सगळ्यात त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे दिपिका. सतरा वर्षांची, ठेंगणी, दोन वेण्यांची. मतिमंदत्व आहे असं कागदावर लिहिलेलं. बाईंकडे आली तेव्हा चमचा हातात दिला तरी कोणीतरी तो तोंडाशी नेईल म्हणून वाट बघत बसायची. आता तीच दिपिका एका तासात अकरा पाकिटं भरत होती. बाईंनी तिच्यासाठी प्लायवूडच्या फळीवर दहा खळगे करून घेतले होते, प्रत्येक खळग्यात एक वस्तू. दहाही भरले की सगळं पाकिटात घालायचं. मोजता येत नसलं तरी रिकामा खळगा दिसतो.

हे पाकीट उगाच निवडलेलं नव्हतं. जूनमध्ये दिपिकाला अठरा वर्षं पूर्ण होणार होती आणि शाळा सुटणार होती. वसई पूर्वेला, एव्हरशाईन वसाहतीच्या पुढे एका गाळ्यात अशा मोठ्या मुलांची कार्यशाळा चालत असे. तिथे हीच पाकिटं भरली जात. एक जागा रिकामी झाली होती. तिथले जितेंद्र सर पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, दिपिकाला बघायला येणार होते. फोनवर त्यांनी सरळ सांगितलं होतं, “मॅडम, पाकिटं कमी भरली तरी माझं काही म्हणणं नाही. पण माझ्याकडे अठरा मुलं आहेत आणि मी एकटा. तिच्यामागे उभं राहायला माणूस नाही.”

“माझ्या मुलांमागे उभं राहावं लागत नाही,” बाईंनी उत्तर दिलं होतं.

त्या सोमवारी दिपिकाला सोडायला तिची आई, हंसाताई, नेहमीप्रमाणे दारापर्यंत आली. खाडीकडच्या गावातून पहाटे भाजी काढून, मुलीला बसने घेऊन यायची आणि दोन वाजेपर्यंत बाजारातच थांबायची. आज ती दारातून हलेना.

“बाई, त्या सरांचं नक्की ना?”

“नक्की. काळजी करू नका.”

“काळजी माझीच वाटते मला,” हंसाताई म्हणाली. “ती घरी राहिली ना, तर मीच तिला बसवून ठेवनार. सकालपासून तिला पानी मीच देते, केस मी विंचरते, घास पन मीच करते. तिला चाचपडताना बघवत नाय मला. मग ती परत पैल्यासारखी होईल, नि तिला तसं करनारी मीच. म्हनून सांगते, तिला तिकडं पाठवा.”

इतकं खरं बोलणारी आई बाईंना क्वचित भेटे. त्यांनी हंसाताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे आगाशीत सगळ्यांना ठाऊक होतं.

साडेनऊला दिपिका टेबलाशी बसली. बाई दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. दिपिकाने पहिला फोटो पाहिला, डबा उचलला, खळगा भरला. एक झाला की पुढचा. साडेदहाला टोपलीत अकरा पाकिटं होती.

“बघितलंस?” बाई जीनाला म्हणाल्या. “आजारी होती ती शनिवारी. दुसरं काही नाही.”

जीनाने मान हलवली. हो म्हणाली नाही.

मधल्या सुट्टीत दोघी डबा खायला बसल्या तेव्हा जीनाने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला.

“मॅडम, आज मी शूट केलं. रागावू नका. एकदा बघा.”

पडद्यावर दिपिकाचे हात होते, फळी होती आणि मागे बाईंच्या साडीच्या निऱ्या. बाई कौतुकाने बघू लागल्या. जीनाने आवाज वाढवला. वर्गातला पंखा ऐकू येऊ लागला, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न, आणि त्यात मधूनमधून कोणीतरी “हं” म्हणत होतं. दिपिकाचं बोट खळग्यावर थांबे. “हं.” बोट पुढे सरके. स्क्रू उचलला जाई. “हं.” स्क्रू खळग्यात.

“कोण गं ते?” बाईंनी विचारलं.

जीना डब्यातली भाजी चिवडत राहिली. मग बाईंच्या लक्षात आलं. लक्षात आल्यावर त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून एका पाकिटातले “हं” मोजले. सतरा निघाले.

“मला माहीतच नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“मला पण नव्हतं. शनिवारी तुम्ही नव्हता ना, तेव्हा खोली खूप शांत वाटली. मग मी विचार करत बसले की रोज काय असतं.”

“म्हणजे ती काहीच करत नव्हती? इतके महिने?”

जीनाने मोबाइल उलटा ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता.

“शनिवारी केलं ना तिने. पाऊण तास लागला, पण कोणी काही बोललं नाही, तरी केलं. ते एक तिचं आहे, मॅडम. बाकीची अकरा तुमची.”

वर्गातल्या मुलांना न्यायला पालक येईपर्यंत बाई टेबलांवरचे डबे पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. त्यांना जीनाचा राग आला होता. तो ओसरला तेव्हा स्वतःची लाज वाटली, आणि लाजेखाली भीती होती. हंसाताई घरी घास करून देते म्हणून त्यांनी इतकी वर्षं पालकसभेत मोठमोठी भाषणं दिली होती. आणि इथे त्या स्वतः दर वीस सेकंदांनी घास भरवत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी त्यांनी चहा घेताना नवऱ्याला विचारलं, “मी हं हं करते का हो?”

“बातम्या लागल्या की करतेस,” जयवंतराव म्हणाले. “मला वाटायचं तुला सगळं पटतंय.”

दुसऱ्या दिवशी बाई मास्क लावून वर्गात आल्या. दाताखाली लवंग धरली होती. आवाज बंद झाला. पहिल्या खळग्याशी दिपिका थांबली, वाट पाहिली आणि मान वळवून मागे बघितलं. बाईंची हनुवटी खाली झाली. दिपिकाने प्लग उचलला. पलीकडे उभ्या असलेल्या जीनाने कपाळाला हात लावला. बुधवारी बाईंनी मान ताठ धरली, तर भुवया हलल्या. मग त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा श्वास सोडण्याचा आवाज दिपिकाला पुरला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मरायला तर वेळ नव्हता. गुरुवारी सकाळी पट्टीवरचा पहिला फोटो दाखवून झाल्यावर बाईंनी चपला घातल्या आणि त्या सरळ बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

त्या दिवशी दोन पाकिटं झाली.

“ती काय करते माहितीये?” जीनाने तासानंतर सांगितलं. “थांबते. मी घड्याळ लावून बघितलं. कधी एक मिनिट, कधी दीड. मला वाटतं आता ही झोपली. आणि मग आपोआप हात हलतो.”

“दीड मिनिट?”

“दीड. बोट एकेका खळग्यावरून फिरवते, परत पहिल्यापासून. कुठला रिकामा आहे बघते. आपण कधी तेवढं थांबलोच नाही, मॅडम.”

आपण म्हणाली, हा तिचा चांगुलपणा. बाई पाच सेकंदांच्या वर थांबल्याचं त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं. बावीस वर्षांत ज्याला त्या अडणं समजत आल्या ते विचार करणं होतं, आणि तो विचार पुरा व्हायच्या आतच त्यांनी दर वेळी त्याच्यावर “हं” टाकलं होतं. ओट्यावर बसून त्यांना हे चांगलंच झोंबलं. पण बाई झोंबलेलं कुरवाळत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात त्या रोज साडेनऊला बाहेर जाऊन बसल्या आणि जीनालाही त्यांनी खिडकीशी, पाठमोरं बसायला लावलं. दोनाची तीन झाली, तिनाची चार. मंगळवारी पाच. अकरा पुन्हा झाली नाहीत आणि बाईंनी अकराचं नाव काढणं सोडून दिलं.

तरी एक गोष्ट त्यांना जमत नव्हती. त्यांनी दिपिकाला एकटीने पाकीट भरताना एकदाही पाहिलं नव्हतं. जीनाने व्हिडिओ दाखवायची तयारी दाखवली, तेव्हा त्या नको म्हणाल्या. त्यांना ते मोबाइलवर बघायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं.

गुरुवारी जितेंद्र सर वेळेवर आले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी वर्ग पाहिला, पट्टी पाहिली, मागच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून घेतली आणि गुडघ्यावर वही ठेवली.

“तुम्ही नेहमी कुठे असता, मॅडम?”

“बाहेर,” बाई म्हणाल्या. ‘बाई दिसत नाहीत’ हे इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐटीत सांगितलेलं वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

ओट्यावर हंसाताई आधीच बसली होती. आज बाजारात तिने टोपली शेजारणीवर सोपवली होती. बाई तिच्याशेजारी बसल्या. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग स्क्रू फळीवर पडल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा स्क्रू.

“किती झाली असतील?” हंसाताईने विचारलं.

“होतील.”

“तिनं सकाली काय खाल्लं नाय. तिला समजतंय का ओ, आज काय हाय ते?”

“समजत असेल.”

“तुमाला भीती वाटते का?”

बाई नाही म्हणणार होत्या. “वाटते,” त्या म्हणाल्या.

सव्वादहा वाजून गेले. आतला आवाज थांबला होता तो सुरू होईना. बाईंनी मनात साठ मोजले. मग पुन्हा साठ. मग आणखी साठ मोजताना त्यांच्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली. तीन मिनिटं. इतका वेळ ती कधीच थांबली नव्हती, निदान जीनाने तसं सांगितलं नव्हतं. प्लग खाली पडला असेल. फळी सरकली असेल. सर वहीत काहीतरी लिहीत असतील, आणि एकदा लिहिलं की खोडत नाहीत माणसं. फक्त एकदा दिसलं तर बरं, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. ओट्यावरची पाण्याची बाटली उचलली, सरांना पाणी द्यायचं राहिलंच म्हणाल्या आणि हंसाताईकडे न बघता आत गेल्या.

टोपलीत चार पाकिटं होती. पाचव्याच्या फळीवर नऊ खळगे भरलेले होते. दिपिका डब्याच्या तळाशी प्लग शोधत होती, अगदी शांतपणे, एकेक वस्तू बाजूला ठेवत. तिला प्लग सापडला. तिने तो वर काढला, फळीकडे नेला, आणि बाईंच्या चपलांचा आवाज ऐकून हात मध्येच थांबवला.

तिने मान वर केली. तिची नजर बाईंच्या ओठांवर येऊन थांबली.

बाईंनी ओठ मिटून घेतले. हातातली बाटली घट्ट धरली. हनुवटी हलू दिली नाही, भुवया हलू दिल्या नाहीत, श्वाससुद्धा रोखून धरला. काही उपयोग झाला नाही. प्लग हवेतच राहिला. जीना खिडकीशी उभी राहिली होती आणि जितेंद्र सरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. आपण दोन आठवड्यांची मेहनत आपल्याच हाताने मातीत घातली, हे बाईंना स्पष्ट दिसलं. हंसाताईला दिलेला शब्द त्यांना आठवला.

दिपिका वाट पाहत होती. किती वेळ ते कोणी मोजलं नाही. मग तिने हातातल्या प्लगकडे पाहिलं. फळीकडे पाहिलं. पुन्हा बाईंकडे. तिच्या कपाळावर आठी पडली, अवघड बटण लावताना पडते तशी.

ती फार बोलत नसे. पाणी, घरी, नको, असा एकेक शब्द. दोन शब्द जोडून बोललेलं शाळेत कोणीच ऐकलं नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली. प्लग धरलेला हात तसाच ठेवून तिने दुसऱ्या हाताने दाराकडे बोट केलं. “बाहेर.”

जितेंद्र सरांनी पेनचं टोपण लावलं. ते हसू दाबत होते.

“ऐकलंत ना, मॅडम?” ते हळूच म्हणाले. “माझं काम झालं. आता तिचं होऊ द्या.”

बाई बाहेर आल्या. बाटली भरलेलीच होती. त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांना रडू येतंय का हसू, हे त्यांनाच कळेना. दुखलं होतं, हे नक्की. बावीस वर्षांत त्यांना वर्गातून कोणी काढलं नव्हतं. आणि इतकं बरंही त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“काय झालं?” हंसाताईने घाबरून विचारलं. “अडली का ती?”

“नाही. मला बाहेर काढलं तिनं.”

“कोनी? दिपिकानं? तुमाला?” हंसाताई पदर सावरत उठलीच. “अगो बाय! बाईंना असं बोलतात काय? थांबा, मी सांगते तिला.”

सुहासिनीबाईंनी तिचा हात धरला आणि तिला खाली ओढलं.

“बसा, हंसाताई,” त्या म्हणाल्या. “तुम्हीसुद्धा आत जायचं नाही.”

हंसाताई बसली. आत फळीवर प्लग पडल्याचा बारीक आवाज झाला. दोघींनीही तो ऐकला आणि दोघीही जागच्या हलल्या नाहीत.